छत्रीची वायर आणि तिची पिन



पावसाळा सुरू झाला की घरोघरी एक तक्रार ऐकू येते. टीव्ही लावला की पडद्यावर 'नो सिग्नल' येतं. कोणी म्हणतं बॉक्स गेला, कोणी म्हणतं छत्री हलली. मेकॅनिक तालुक्याला, तो येईल तेव्हा येईल. कधी कधी तर नवा बॉक्स आणूनही चित्र येत नाही. कारण बिघाड पुष्कळदा बॉक्समध्ये नसतोच. तो असतो वायरीच्या टोकाला, पिनमध्ये.

दूरदर्शनची डीडी फ्री डिश सेवा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली. तिला महिन्याचं भाडं नाही. पण छत्री आणि बॉक्स आपणच बाजारातून आणायचा, त्यामुळे वायरीची काळजीही आपल्यालाच घ्यावी लागते. म्हणून आज ही वायर सोलायची कशी आणि पिन बसवायची कशी, ते पाहू.

आधी वायर आतून कशी असते ते समजून घेऊ. कांद्यासारखे तिचे एकात एक थर असतात. सगळ्यात वर काळं किंवा पांढरं प्लॅस्टिकचं आवरण. त्याखाली बारीक तारांची विणलेली जाळी. जाळीखाली मिठाईवरच्या वर्खासारखा चंदेरी ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा. त्याच्या आत पांढरा फोम. आणि फोमच्या मधोमध एकच, साधारण १ मिलिमीटर जाडीची तार.

सिग्नलला जायला-यायला दोन वाटा लागतात. एक वाट मधली तार, दुसरी वाट जाळी आणि वर्ख. फोमचं काम या दोघींना एकमेकींपासून लांब ठेवायचं. आजचं सगळं शिकणं या एका गोष्टीत आहे : मधली तार आणि जाळी एकमेकींना कुठेही शिवता कामा नयेत, आणि दोघींचा आपापल्या जागी घट्ट स्पर्श हवा. जाळीचा केसाएवढा एक धागा जरी मधल्या तारेला लागला, तरी चित्र जातं.

याच वायरीतून बॉक्सकडून छत्रीवरच्या एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टची वीजही जाते. त्या दोन व्होल्टेजवर चॅनेलचे दोन गट चालतात. म्हणून पिन सैल असली की कधी कधी निम्मे चॅनेल दिसतात आणि निम्मे दिसत नाहीत. आणि म्हणूनच पहिला नियम : वायरीला हात लावण्याआधी बॉक्सचा आणि टीव्हीचा प्लग बोर्डातून काढायचा. नुसतं रिमोटने बंद करणं पुरेसं नाही. तार आणि जाळी चालू बॉक्सवर एकमेकींना टेकली, तर बॉक्स जळू शकतो. ढग गडगडत असताना किंवा पत्रा ओला असताना छतावर चढायचं नाही. छत्रीजवळून विजेची लाइन जात असेल तर ते काम आपलं नाही.

आता सामान. दुकानात 'आरजी सहा' वायर मागा. जुन्या केबल टीव्हीची बारीक वायर छत्रीला नको. सोबत त्याच मापाची पिन घ्या, तिला 'एफ कनेक्टर' म्हणतात. घरी बसवायला फिरवून बसणारी, आतून आटे असलेली पिन सोपी पडते. दाबून बसवायची पिन जास्त टिकते, पण तिला वेगळी पक्कड लागते. याशिवाय धारदार ब्लेड किंवा छोटा कटर, आणि काळी टेप.

पहिली पायरी. वायरीचं टोक सरळ कापा. जुनी पिन असेल तर तिच्या मागची थोडी वायरही कापून टाका. आतली जाळी काळपट किंवा पांढरी भुकटी झालेली दिसली, तर पाणी आत गेलेलं आहे. चकचकीत जाळी लागेपर्यंत मागे मागे कापत जा.

दुसरी पायरी. टोकापासून अर्धा इंच अंतरावर वरच्या आवरणाला ब्लेडने हलकी गोल खूण करा. जोर लावू नका, जाळी कापली जाईल. खुणेवर वायर थोडी वाकवली की आवरण फाटतं, मग ते ओढून काढा.

तिसरी पायरी. जाळीचे सगळे धागे मागे, आवरणावर दुमडा, साडीच्या निऱ्या उलट्या परताव्यात तसे. वर्ख फोमला चिकटलेला असेल तर तसाच राहू द्या. सुटा असेल तर तोही मागे घ्या.

चौथी पायरी. आता टोकाकडचा पाव इंच फोम काढा. इथे हात सगळ्यात हलका हवा. मधली तार बऱ्याच वायरींमध्ये पोलादाची असते आणि वर तांब्याचा नुसता मुलामा असतो. इतका वेगवान सिग्नल तारेच्या पृष्ठभागावरूनच जातो. ब्लेडने ओरखडा पडला तर मुलामा जातो, आणि तार तिथेच मोडते. तार उघडी झाली की तिच्यावर फोमचा पांढरा पापुद्रा राहिला नाही ना ते नखाने पाहा. फोमच्या कडेला वर्खाचा किंवा जाळीचा धागा आला नाही ना, तेही पाहा.

पाचवी पायरी. पिन वायरीवर सरळ ठेवा आणि दाबत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. पिनच्या तोंडातून आत पाहिलं की फोमची कडा आतल्या तळाशी सपाट दिसली पाहिजे. मधली तार पिनच्या कडेबाहेर २ ते ३ मिलिमीटर यावी. जास्त आली तर कापा. कमी असेल तर पुन्हा पहिल्या पायरीपासून करा. शेवटी पिन हलकेच ओढून पाहा. हातात आली तर ती बसलेलीच नव्हती.

बॉक्सला पिन लावताना हातानेच घट्ट करा. पक्कड लावली तर बॉक्सचा सॉकेट तुटतो.

बॉक्स लावण्याआधी तपासणीही करता येते. वायरीची दोन्ही टोकं मोकळी ठेवा. टॉर्चचा सेल आणि छोटा बल्ब घेऊन एक बाजू मधल्या तारेला आणि दुसरी पिनच्या धातूला लावा. बल्ब लागला नाही तर चांगलं. लागला तर दोघी कुठेतरी शिवताहेत.

आता पाण्याचा बंदोबस्त. छतावरच्या पिनवर टेप खालून वर गुंडाळत जा. म्हणजे कौलांसारखा वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी ओघळून जातं. एलएनबीजवळ आणि घरात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळतील. वायर गुंडाळताना चहाच्या बशीपेक्षा लहान वेटोळं करू नका, आतला फोम दबतो.

वायर मधेच तुटली तर तारा पिळून टेप लावायची सवय सोडा. दोन्ही टोकांना पिन बसवा आणि मधे दोन्ही बाजूंना आटे असलेला जोड लावा. शक्यतो तो घराच्या आत ठेवा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मुसळधार पावसात चित्र जाणं हा बिघाड नाही. पावसाचे थेंबच आकाशातला सिग्नल अडवतात. पाऊस थांबला की चित्र परत येतं. पण आभाळ निवळून दिवस गेला तरी चित्र येत नसेल, तर आधी दोन्ही टोकांच्या पिना पाहा. छत्रीला किंवा बॉक्सला त्याआधी हात लावू नका.

मैत्रिणींनो, एक कटर, चार-सहा पिना आणि टेपचं एक रीळ गटाच्या पेटीत राहू द्या. पुढच्या बैठकीत वायरीच्या टाकाऊ तुकड्यांवर प्रत्येकीने एक-एक पिन बसवून पाहा. पहिली वाकडी बसेल, तिसरी नीट बसेल. मग पुढच्या वेळी पडदा काळा झाला, तर नव्या बॉक्सला पैसे घालण्याआधी तुमच्यातलीच एखादी ब्लेड घेऊन वायरीचं टोक पाहील.