दोन मिनिटांचा तंबू अन् वावधनाचा मारा

देवपुरातून सहकुटुंब रानमुक्कामाला निघायचंय आणि दोन मिनिटांत उभा राहणारा सहा जणांचा तंबू घ्यायचा बेत आहे? मग दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: याला ताणाच्या दोऱ्या किती? उभारणीचा वेळ खोक्यावर ठळक छापलेला असतोच. वाऱ्यात कामी येतात त्या दोऱ्या.

वेग दुप्पट, मार चौपट! इमारतींसाठीच्या आयएस ८७५ या भारतीय मानकात वाऱ्याच्या दाबाचं सुटसुटीत सूत्र आहे: सेकंदाला मीटरमधल्या वेगाचा वर्ग गुणिले ०.६. ते तंबूच्या दहा फूट लांब, साडेसहा फूट उंच भिंतीला लावून बघा. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात सुमारे ११ किलोंचा रेटा. ४० ला ४५ किलो. ६० ला शंभरी पार! साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या फिरवणाऱ्या वाऱ्याचं गणित तर याहून चढं आहे. वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते.

सोय कुठे, किंमत कुठे? झटपट तंबूचे खांब आधीच कापडाला जोडलेले असतात. ओढले, खटका बसला, झालं. पण आत ताठ उभं राहता यावं म्हणून भिंती उभ्या ठेवतात आणि वारा थेट त्यांच्यावर आदळतो. सगळा भार माथ्यावरच्या बिजागरीवर येतो. ती तुटली तर एखादा खांब बदलून भागत नाही. घडी केली तरी गठ्ठा चार फुटांच्या आसपास, म्हणजे मोटारसायकलवर अडचणच. ठेंगण्या घुमटी तंबूत वाकून वावरावं लागतं, उभारायलाही वेळ जातो. पण वारा पाठीवरून सरकून जातो आणि एकमेकांना छेदणारे खांब भार वाटून घेतात. वाऱ्याच्या दिवसांत मी घुमटीच निवडेन. हवा भरायचे तंबू तिसऱ्याच वाटेचे: झोतात वाकतात, पुन्हा उभे राहतात.

रावेर-यावलची शिकवण: केळीच्या बागेला वाऱ्याचं भय मोठं. म्हणून बांधावर शेवरीसारखी दाट झाडं लावतात. गंमत अशी की सळसळतं कुंपण भक्कम भिंतीपेक्षा चांगला आडोसा देतं. भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवरे घेत खाली येतो. झाडोऱ्यातून गाळून आलेला वारा नुसता मंदावतो. तेव्हा तंबू अशा रांगेच्या आडोशाला लावा, मात्र फांद्यांखाली नको. लळिंगसारख्या डोंगराच्या माथ्यावर तर वारा आणखी वेग घेतो. मुक्कामाची जागा खालीच शोधा.

खुंटी तिरपी ठोका, डोकं तंबूपासून दूर झुकलेलं. पावसानं भिजलेल्या काळ्या मातीत बारीक खुंटी सहज उपटून येते. तिथे लांब, रुंद पात्याची हवी. खडकाळ माळावर खुंटी शिरतच नाही, मग दोरी मोठ्या धोंड्याला बांधा. दार वाऱ्याच्या तोंडाला ठेवू नका. आत घुसलेली हवा छताला खालून उचलते.

थांबायचं कधी? बोफर्ट मापात छत्री सावरणं कठीण होतं तो वारा ताशी ३९ ते ४९ किलोमीटरचा. उंच तंबूसाठी हाच इशारा समजा. वळवाचं आभाळ भरून आलं, छत्री हातात ठरेना, की आधी पोरांना गाडीत बसवा. मग तंबूचे पाय मिटवा आणि तो जमिनीवर आडवा करून वर धोंडे ठेवा.