पहिले हजार किलोमीटर... जरा दमानं!

दसऱ्याला गाडी घरी आली. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं, सोसायटीत पेढे वाटून झाले. तेवढ्यात मोबाइलवर ऑफिसच्या ग्रुपचा मेसेज. 'शनिवारी एक्स्प्रेस-वे! बघू तरी किती पळते!' मी तर एका पायावर तयार. पण बाबांनी किल्ली उचलून सरळ स्वतःच्या खिशात टाकली.

"हजार किलोमीटर होईपर्यंत चाळीसच्या वर न्यायची नाही. गाडी अजून रनिंगमध्ये आहे."

बाबांनी त्यांची पहिली स्कूटर अशीच चालवली आणि ती अठरा वर्षं टिकली, हा किस्सा मी शंभरदा तरी ऐकलाय. "बाबा, ते दिवस गेले. आताची इंजिनं कॉम्प्युटरवर बनतात!"

"असं? मग हप्तेपण कॉम्प्युटरच भरणार का?"

बोलती बंद! सात वर्षांचं लोन, म्हणजे ८४ हप्ते. तोवर गाडी धडधाकट राहायला हवी ना! शेवटी कुणी सहसा करत नाही ते मी केलं. गाडीचं मॅन्युअल वाचलं. तर काय, आम्ही दोघंही अर्धेच बरोबर!

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच मुद्दाम बारीक तिरक्या रेघा पाडलेल्या असतात. त्यात ऑइल धरून राहतं. पिस्टनच्या रिंगा या भिंतीवर घासत घासत तिथे नीट बसतात. त्या नीट बसल्या नाहीत, तर ऑइल वर जाऊन जळतं, ताकद कमी होते, आणि काही वर्षांनी सायलेन्सरमधून निळसर धूर दिसायला लागतो. आताची इंजिनं जास्त अचूक बनतात, त्यामुळे पूर्वीइतकं सोवळं नाही. तरी बहुतेक कंपन्या पहिले १००० किलोमीटर सांभाळा म्हणतात, काही त्याहून जास्त.

सांभाळायचं म्हणजे रांगायचं नाही हं! अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नका, हे तर आहेच. पण टॉप गिअरमध्ये चाळीसनं रेटत नेणंही वाईट, त्यात इंजिन कण्हतं. आणि तासभर एकाच वेगानं पळवणंसुद्धा नको. वेग कमी-जास्त होत राहिला पाहिजे. रिंगा भिंतीवर दाबल्या जातात त्या आतल्या गॅसच्या दाबानं, त्यामुळे इंजिनला थोडं काम हवंच. थोडक्यात, माझा एक्स्प्रेस-वे बाद आणि बाबांचे चाळीसही बाद!

मग आम्ही रविवारी सकाळी पौड रोड धरला. चांदणी चौक, पौड, पुढे मुळशी. चढ, उतार, वळणं, मध्येच म्हशी. गिअर आपोआप बदलत राहतात. सकाळी गाडी सुरू केली की उभ्या-उभ्या रेस करायची नाही, अर्ध्या मिनिटात निघायचं आणि इंजिन गरम होईपर्यंत सौम्य चालवायचं. पहिले तीनेकशे किलोमीटर करकचून ब्रेकही टाळले (जीव वाचवायचा असेल तर अर्थात दाबायचेच!). पॅड आणि डिस्क एकमेकांना रुळायला वेळ लागतो. नवे टायरही गुळगुळीत असतात, पकड हळूहळू येते. आणि दर रविवारी डिपस्टिक काढून ऑइल बघायचं, हे काम बाबांनी स्वतःकडे घेतलं.

पाच आठवड्यांत हजार झाले. पहिल्या फ्री सर्व्हिसला ऑइल बदलायचं की नुसतं तपासायचं, हेही मॅन्युअलमध्येच असतं. तेवढं वाचून जा, मगच काउंटरवर मान डोलवा.

परतताना बाबा म्हणाले, "आण, मी चालवतो." पाचवा गिअर, वेग चाळीस, इंजिनची कुरकुर.

"बाबा, गिअर उतरवा!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसत तिसरा टाकला. ग्रुपला मेसेज केला, 'या शनिवारी नक्की!' एक हप्ता भरून झालाय. ८३ बाकी.