अंगावर काटा का उभा राहतो?

पौषातल्या पहाटे बालाघाट जिल्ह्यातील किरनापूरचा शेतकरी धानाच्या खळ्याकडे निघतो, आणि धाबळी खांद्यावरून घसरताच त्याच्या दंडावर काटा उभा राहतो. जंगलातले साळिंदर कुत्र्याची चाहूल लागताच काटे फुलवते, तेही याच घराण्यातील कृत्य होय.

त्वचेतील प्रत्येक केस आपल्या कोशात तिरका रोवलेला असतो. कोशाच्या कुशीपासून त्वचेच्या वरच्या थरापर्यंत स्नायूचा एक अतिसूक्ष्म पट्टा गेलेला असतो. तो आखडला की केस ताठ होतो व त्याच्या मुळाशी बारीक उंचवटा येतो. पापण्यांच्या केसांना मात्र हा स्नायू नाही. हा स्नायू माणसाच्या इच्छेला जुमानत नाही. भयाने काळीज धडधडविणाऱ्या मज्जासंस्थेचाच हुकूम तो पाळतो. म्हणून थंडी, भीती आणि आनंद यांची खूण एकच. भरताच्या नाट्यशास्त्राने रोमांचाला आठ सात्त्विक भावांत बसविले, ते उगीच नव्हे.

दाट लव असलेल्या प्राण्याला याचा उपयोग उघड आहे: उभ्या केसांत हवा कोंडून ऊब टिकते, शिवाय शरीर मोठे दिसून शत्रू बिचकतो. माणसाची लव विरळ; म्हणून हा स्नायू निव्वळ पूर्वजांचा अवशेष समजला जाई. परंतु 2020 साली हार्वर्ड व तैवान येथील शास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोगांतून निराळेच दाखविले. या स्नायूच्या आधारानेच मज्जातंतू केसाच्या मूळपेशींपर्यंत पोहोचतो, आणि थंडी लांबली तर नवे केस उगविण्याची सूचना त्यांना देतो. स्नायू नाहीसा केला की हा दुवाही तुटतो.

मज्जातंतू मेला तर काय होते, हे कुष्ठरोगात दिसते. त्याचे जंतू त्वचेतील नसांत शिरतात. या चिमुकल्या स्नायूंतही ते सापडले आहेत. नसा निकामी झालेल्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, घाम येत नाही, केस विरळ होतात, आणि कडाक्याच्या थंडीतही काटा येत नाही. पूर्व विदर्भात व शेजारच्या छत्तीसगडात हा रोग अजून आढळतो. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. चट्टे थोडे असल्यास 6 महिने, अधिक असल्यास 12 महिने ते घ्यावे लागते. अडचण इतकीच, की चट्टा दुखत नाही, म्हणून माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. उशिरा घेतलेल्या औषधाने जंतू मरतात; पुरती मेलेली नस मात्र परत येत नाही.