यात्रा मावंद्याला पुरी होते



परवा फुलंब्रीच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन झालं, पंगती उठल्या आणि एक गृहस्थ मंडपाच्या खांबाला टेकून थांबले. पन्नाशी उलटलेली, नखात अद्रकाच्या वावरातली माती. म्हणाले, "महाराज, नर्मदामाईच्या परिक्रमेला निघावं म्हणतो. गाडीनं नाही, पायी. संसारात आता जीव रमत नाही." मी विचारलं, "घरी कोण कोण हाय?" म्हणाले, "आई आहे, लई थकली. लेकरं हाताशी आली. भाऊ आहे, पण बांधावरून वाजलं, बारा वर्षं बोलणं नाही."

त्यांच्याशी जे बोललो तेच इथं सांगतो. कारण हा प्रश्न एकट्याचा नाही. वाचता वाचता तुमच्याही मनात आलं असेल, की सगळं टाकावं आणि निघावं.

आधी लांबच्या यात्रेत होतं काय, ते समजून घ्या. आपली पंढरीची वारी अठरा-वीस दिवसांची. पैठणहून नाथांची पालखी ज्येष्ठात निघते, आषाढीला पंढरीत पोचते. चालताना मुखात नाम असतं, पण मन घडी घडी घरी पळतं. कपाशी निंदली का, गाय व्याली का. त्यात वाईट काही नाही, वारी संसारी माणसाचीच आहे. परिक्रमेचं मात्र वेगळं. नर्मदा 1,312 किलोमीटर लांब. दोन्ही काठ धरले तर अडीच हजारांवर जातं. माई कायम उजव्या हाताला ठेवायची, मध्ये कुठं ओलांडायची नाही. चातुर्मासात एका जागी थांबायचं. जुन्या रीतीनं तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. म्हणजे बघा, तुमच्यावाचून घरी तीन खरिपं निघतात! पेरणी होते, काढणी होते, सोयरीकही जमते. "माझ्यावाचून कसं होईल" हे जे आपण जन्मभर उशाला घेऊन झोपतो ना, ते उसं वाटेवर कुठंतरी गळून पडतं.

दुसरं असं, की तिथं तुम्हाला कोणी ओळखत नाही. गावात तुम्ही पाटील असाल, सर असाल, सोसायटीचे चेअरमन असाल. तिथं सगळ्यांना एकच हाक, "नर्मदे हर!" संध्याकाळी कोणाच्या तरी दारात उभं राहायचं आणि सदावर्त घ्यायचं, पीठ-मीठ जे मिळेल ते. देणं सोपं असतं, बाबांनो. देताना हात वर असतो. घेताना हात खाली जातो, आणि त्याच्याबरोबर मान खाली जाते. ज्याच्या घरी स्वतःलाच अर्धी भाकर आहे, तो तुम्हाला त्यातली चतकोर देतो. ती खाल्ली की माणूस निराळा होतो. लांबच्या यात्रेची ही खरी शाळा.

मग झालं तर! सगळ्यांनी निघावं का? थांबा. आपल्या नाथबाबांकडं बघू.

पैठण आपल्याला लांब नाही. षष्ठीच्या दिंड्या दर फाल्गुनात आपल्याच जिल्ह्यातून जातात. नाथ लहानपणी पोरके झाले. आजा चक्रपाणी आणि आजीनं वाढवलं. आणि हे पोर कोवळ्या वयात कोणाला न सांगता देवगिरीला निघून गेलं, जनार्दनस्वामींच्या पायाशी. कीर्तनात आपण इथं टाळ्या वाजवतो, धन्य धन्य म्हणतो. पण त्या रात्री पैठणच्या घरात काय झालं असेल? म्हाताऱ्या आजीनं ताट वाढून ठेवलं असेल. आजा गोदेच्या काठानं हाका मारत फिरला असेल. ते ताट तसंच झाकून राहिलं, एक दिवस नाही, वर्षंच्या वर्षं.

देवगिरीवर सेवा झाली, अनुग्रह झाला. मग गुरूंनी सांगितलं, तीर्थयात्रेला जा. नाथ गेले. पायी, दूरदूर, पुष्कळ दिवस. आणि यात्रा करून पैठणजवळ आले, तेव्हा म्हातारा आजा वाटेत भेटला. त्यानं शोध काढत काढत देवगिरी गाठली होती आणि जनार्दनस्वामींकडून एक पत्र लिहून आणलं होतं. पत्रात आज्ञा होती, की हे पत्र जिथं हाती पडेल तिथंच थांबावं. नाथ थांबले. पाऊल उचललेलं होतं, ते खाली ठेवलं. पैठणात राहिले, संसार मांडला. घरातल्या माउलीचं नाव गिरिजाबाई. आपल्या तालुक्यातून गिरजा नदी वाहते, तिचं नाव घेताना मला दर वेळी ही माउली आठवते.

आता बघा, ज्या गुरूनं "जा" म्हटलं, त्याच गुरूनं "थांब" म्हटलं. दोन्ही वेळा शिष्य एकच. निघणं जेवढं साधन, तेवढंच थांबणंही साधन. ज्याला नुसतं निघताच येतं, थांबता येत नाही, त्याला यात्रा म्हणू नका, ती भटकंती.

तुम्ही म्हणाल, मग त्या यात्रेचा उपयोग काय झाला? तो घरी दिसला. काशीची कावड रामेश्वराला नेताना नाथांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात गंगा ओतली, ही कथा पोराबाळांना ठाऊक आहे. एवढ्या लांबून खांद्यावर आणलेलं पाणी! बरोबरचे हळहळले. नाथांचा रामेश्वर मात्र तिथंच पावला. ही झाली वाटेवरची गोष्ट. आता पैठणातली घ्या. भर दुपारी गोदावरीच्या वाळवंटात एक लेकरू आईमागं धावताना चुकलं, तापल्या वाळूत पाय भाजून रडत होतं. ज्यांची सावलीही लोक टाळत, त्यांचं ते लेकरू. नाथांनी उचललं, कडेवर घेतलं, नाक पुसलं आणि त्याच्या आईकडं नेऊन पोचवलं. वाटेवर गाढवाला पाणी पाजलं तेव्हा बघणारे परके होते. इथं बघणारं अख्खं गाव ओळखीचं, बोल लावणारं. परक्या मुलखात मोठं मन करणं सोपं जातं, माउली. आपल्या गल्लीत करणं अवघड.

नाथ पुढं काशीलाही गेले. एकनाथी भागवत पैठणात सुरू झालं आणि शके 1495 मध्ये, म्हणजे 1573 साली, काशीत पुरं झालं. पण परत आले पैठणलाच. शके 1521 ला षष्ठीच्या दिवशी गोदामाईतच देह ठेवला.

कोणी विचारील, सगळ्यांनाच घरी परतायचं असतं का? नामदेवराय बघा. आधी ज्ञानोबारायांबरोबर तीर्थं केली. पुढं उत्तरेत गेले ते पार पंजाबात, गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिले. तिथली भाषा आपली केली. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि तिथली माणसं त्यांना भगत नामदेव म्हणून आपला मानतात. 2015 साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, ते याच ओढीनं. म्हणजे परतणं गावालाच पाहिजे असं नाही. पण माणसांत परतणं पाहिजे. जिथं थांबाल तिथं कोणाच्या तरी उपयोगी पडला, तर यात्रा फळली.

आपल्या जुन्या माणसांनी हे एका रीतीत बांधून ठेवलंय. काशीयात्रा करून आलं की मावंदं घालायचं. गंगेची पूजा करायची, गावाला जेवू घालायचं, आणलेलं तीर्थ पळी पळी सगळ्यांना द्यायचं. जे गेले नाहीत, ज्यांनी तुमच्यामागं तुमची गुरं राखली, तुमच्या म्हातारीला पाणी दिलं, त्यांचाही त्या यात्रेत वाटा आहे. मावंदं झाल्यावाचून यात्रा पुरी धरत नाहीत. यात्रेचा शेवट देवळात नाही, आपल्या दारातल्या पंगतीत आहे.

म्हणून जायचं असेल तर जरूर जा. पण उंबरठा ओलांडण्याआधी स्वतःला एवढं विचारा: मी माईकडं निघालोय, का घरच्या कुरबुरीपासून पळतोय? कारण पळणारा माणूस कुरबूर झोळीत घालूनच पळतो. ओंकारेश्वरी झोळी सोडली की ती आधी बाहेर येते. आणि ज्यांना मागं ठेवून जाता, त्यांना सांगून, त्यांच्या तोंडानं "जा" म्हणवून घेऊन जा. झाकलेलं ताट मागं ठेवू नका.

त्या गृहस्थांना मी शेवटी एवढंच विचारलं, "समजा, परिक्रमा करून सुखरूप आलात. मावंदं घातलं. पहिलं आवतण कोणाला?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ येणार नाही, महाराज." मी म्हटलं, "मग यात्रेची पहिली मजल नर्मदेवर नाही, बांधावर आहे. तेवढी शंभर पावलं आधी चाला. तिथंही झोळी पुढं करावी लागेल. मिळंल, न मिळंल. परिक्रमेत तरी रोज कुठं मिळतं?"

ते उठले, मंडपाच्या बाहेर गेले. सप्ताहाचा मांडव सोडायला पोरं आली होती. त्यांच्याबरोबर हे एक दोर सोडायला लागले, आणि त्याच दोराचं दुसरं टोक कोणी धरलंय, हे मी अंधारात काही पाहिलं नाही.

तुमचा बांध कुठं आहे, ते तुम्हाला ठाऊक. पुंडलीक वरदे हरी विठ्ठल!