मूल ‘बघून’ शिकतं की ‘ऐकून’?

न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग आधी शिक्षक होते, मग शाळा-तपासनीस झाले. अनेक वर्गांत बसून तास पाहताना त्यांना एक कोडं पडलं. नावाजलेल्या शिक्षकांचा धडा काही मुलांच्या डोक्यावरून जातो आणि सुमार शिक्षकाच्या तासाला काही मुलांना नेमकं कळतं. असं का?

उत्तर शोधताना, 1987 मध्ये लिंकन विद्यापीठात असताना, त्यांनी ‘व्हार्क’ प्रश्नावली बनवली. कोणाला बघून, ऐकून, वाचून-लिहून की करून शिकायला आवडतं, हे ती शोधते. त्यातला एक प्रश्न असा: एखाद्याला पत्ता सांगताना तुम्ही नकाशा काढता, तोंडी सांगता, लिहून देता की सरळ सोबत निघता? मला हा प्रश्न फार आवडतो, कारण उत्तर देताना माणूस स्वतःकडे नव्याने बघतो.

गंमत म्हणजे, फ्लेमिंगच्या ‘व्हिज्युअल’मध्ये, म्हणजे बघून शिकण्याच्या गटात, फोटो आणि व्हिडिओ येतच नाहीत! तिथे फक्त नकाशे, तक्ते, आकृत्या. फोटो-व्हिडिओ प्रत्यक्षाचा अनुभव देतात, म्हणून ते ‘करून शिकणाऱ्यां’च्या खात्यात.

शिकण्याच्या शैलींची अशी प्रारूपं किती असावीत? 2004 मध्ये ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी मोजली, तर 71 निघाली.

शिक्षकांचा विश्वास मात्र दांडगा. 2012 च्या एका पाहणीत ब्रिटनमधल्या 93 आणि नेदरलँड्समधल्या 96 टक्के शिक्षकांना वाटत होतं की, आवडत्या शैलीत शिकवलं तर मूल जास्त शिकतं. पुरावा? 2008 मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी कसून शोधला. पुरेसा सापडला नाही. 2015 मध्ये अमेरिकेत काही प्रौढांनी एकच मजकूर ऐकला किंवा वाचला. ऐकायला आवडणाऱ्यांना ऐकून जास्त कळलं, असं काही दिसलं नाही.

खुद्द फ्लेमिंगही सांगत की व्हार्कमधून आवड कळते, कुवत नाही. म्हणून ‘आमची व्हिज्युअल आहे, तिला वाचन जमत नाही’ असा शिक्का मुलीवर मारणं चूकच.

मग सगळ्यांना उपयोगी पडतं काय? वाचलेलं पुस्तक मिटून आठवून पाहणं. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना उतारा दोनदा वाचायला दिला, काहींना एकदा वाचून आठवून लिहायला लावलं. आठवड्यानंतर दोनदा वाचणाऱ्यांच्या लक्षात 42 टक्के मजकूर होता, आठवून लिहिणाऱ्यांच्या 56 टक्के. पाचच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत मात्र दोनदा वाचणारेच पुढे होते, 81 विरुद्ध 75 टक्के! परीक्षेच्या आदल्या रात्री धडा पुन्हापुन्हा वाचला की ‘सगळं येतंय’ असं वाटतं, ते यामुळेच.