हललं म्हणून दिसलं
लेखमाला : नजरेमागचा मेंदू – लेखांक ५

कराड, पाटण, शिराळा, वाळवा या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की बिबट्याच्या बातम्या यायला लागतात. फडात पिल्लं सापडतात, वनखात्याची माणसं येतात, पिल्लं त्याच जागी ठेवून रात्री मादीची वाट पाहिली जाते. बिबट्या जवळून पाहिलेल्या माणसांच्या बोलण्यात एक गोष्ट हटकून येते : ‘हललं म्हणून दिसलं.’ जनावर चार-सहा हातांवर दबा धरून बसलेलं, दिवसाचा उजेड, नजर त्याच दिशेला. तरी हलेपर्यंत पत्ता नाही. गेल्या आठवड्यात आपण प्रकाशाबरोबर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचलो होतो. त्या पडद्यावर बिबट्याची प्रतिमा पडलेली असतेच. मग गाडी अडते कुठे?

अडते ती तुकडे जोडताना. पडद्यावर उमटतात ते उजेड-अंधाराचे असंख्य ठिपके. त्यातला कुठला ठिपका पाचटाचा, कुठला मातीचा आणि कुठला कातडीचा, हे कुठेच लिहिलेलं नसतं. वस्तूभोवती आपल्याला जी कड दिसते, ती मेंदूने हे ठिपके जुळवून काढलेली असते.

हे जोडकाम पाहायचं असेल तर ठिपक्यांची रांगोळी काढायला बसावं. सडा वाळल्यावर आठ आडवे, आठ उभे असे समान अंतरावर ठिपके टाका आणि रेघ न ओढता नुसतं पाहत राहा. घटकेत आडव्या ओळी दिसतील, घटकेत उभ्या. आता वरून खाली अंतर तेवढंच ठेवा आणि शेजारच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर दुप्पट करा. उभे खांब उभे राहतील आणि मनात आणलं तरी आडवी ओळ धरून ठेवता येणार नाही. मग पहिल्यासारखे समान अंतराचे ठिपके घ्या, पण एक आड एक आडवी ओळ पिवळ्या रंगाने टाका. लगेच आडवे पट्टे वर येतात. ‘१५ ते ८ मधले ठिपके’, म्हणजे दर ओळीचे ठिपके आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध, असे टाकले तर नजर तीन दिशांना धावते आणि जागोजागी त्रिकोण, षटकोन दिसायला लागतात. अजून एकही रेघ ओढलेली नसते.

माक्स वेर्थायमर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशाच ठिपक्यांच्या रांगा मांडल्या होत्या. जवळचे ठिपके एका गटात जातात, सारखे दिसणारे एका गटात जातात, सलग वळणावर असलेले एका रेघेत ओवले जातात आणि बरोबर हलणारे एका वस्तूचे ठरतात. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की हे नियम मनमानी नाहीत. जगातल्या वस्तू बहुधा एकसंध असतात, त्यांचा रंग एकदम बदलत नाही, त्यांची कड सहसा मध्येच काटकोनात मोडत नाही. मेंदू या अनुभवावर पैज लावतो आणि बहुतेक वेळा जिंकतो.

मेंदूत हे कुठे घडतं? डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन विझेल १९५८ मध्ये मांजराच्या मेंदूच्या दृष्टी सांभाळणाऱ्या थरातल्या पेशींचे विद्युत संकेत टिपत होते. काचपट्टीवर काढलेला ठिपका दाखवून पेशी काही बोलेना. पण काचपट्टी यंत्रात सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून गेली आणि पेशी तडतडू लागली. तिला ठिपक्यात रस नव्हता, ठरावीक कलाची कड हवी होती. कुणी उभ्या कडेला जागी होते, कुणी तिरप्या. दोघांना पुढे १९८१ साली नोबेल मिळालं.

अशी एक पेशी मात्र जगाचा जेमतेम नखाएवढा तुकडा पाहते. आख्खी कड तिच्या आवाक्यात नसते. मग पेशी एकमेकींना धरतात. चार्ल्स गिल्बर्ट आणि विझेल यांनी १९८९ मध्ये दाखवलं की सारख्या कलाच्या पेशी मेंदूच्या त्या थरात दूरवर एकमेकींशी जोडलेल्या असतात. १९९३ साली फील्ड, हेज आणि हेस यांनी माणसांना वेड्यावाकड्या रेघोट्यांचं रान दाखवलं आणि त्यात एक माळ लपवली. माळेतली प्रत्येक रेघोटी आधीच्या रेघोटीपेक्षा ६० अंशांपर्यंत वळली तरी लोकांना माळ सापडत होती. त्याच रेघोट्या माळेला आडव्या फिरवल्या की शोधणं फार अवघड झालं. अंतर तेच, जागा त्याच. फक्त दिशेचा धागा तुटला.

धागा पक्का असेल तर मेंदू नसलेली कडही काढतो. इटलीच्या गाएतानो कानिझ्झा यांनी १९५५ मध्ये तीन काळे गोल काढले, प्रत्येकातून भाकरीचा तुकडा मोडून घ्यावा तशी एक पाचर काढली आणि तिन्ही पाचरी एकमेकींकडे तोंड करून ठेवल्या. मध्ये लख्ख पांढरा त्रिकोण दिसतो, त्याच्या बाजूही दिसतात. कागदावर तिथे काहीच नसतं. १९८४ मध्ये फॉन डर हाइट आणि सहकाऱ्यांना माकडाच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या या प्रकारच्या नसलेल्या कडेलाही खऱ्या कडेसारखा प्रतिसाद देत होत्या.

आता उसात परत येऊ. बिबट्याच्या अंगावरची काळी फुलं पोटापासून पाठीपर्यंत, अगदी कडेपर्यंत भिडलेली असतात. पाठीची रेघ त्यामुळे सलग राहत नाही. एक तुकडा काळा, पुढचा पिवळसर, पुढचा पुन्हा काळा. काळा तुकडा मागच्या सावलीत मिसळतो, पिवळसर तुकडा वाळल्या पाचटात. जवळीक आणि सारखेपणा हे दोन्ही नियम इथे बिबट्याच्या बाजूने काम करतात : कातडीवरचा ठिपका शेजारच्या ठिपक्याला सोडून बाहेरच्या सावलीशी सोयरीक जोडतो. ह्यू कॉट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९४० च्या आपल्या ग्रंथात कड मोडणाऱ्या अशा रंगसंगतीचं सविस्तर विवेचन केलं. म्हणूनच हल्ल्यानंतर ‘लक्ष कुठं होतं?’ असं तोडणीवाल्या बाईला विचारलं जातं, ते मला अन्यायाचं वाटतं. तिचं लक्ष होतं. ज्या नियमांवर तिची नजर जन्मभर बिनचूक चालली, तेच नियम त्या जागी तिच्या विरोधात गेले.

हालचाल झाली की मात्र डाव उलटतो. उसाचं पान वाऱ्यावर आपल्या देठाभोवती डोलतं, शेजारचं पान वेगळ्या तालात. बिबट्याने एक पाऊल टाकलं तर खांद्यावरची सगळी फुलं एका दिशेला, एका वेगाने सरकतात. पानांमध्ये असा मेळ नसतो. मेंदू त्या ठिपक्यांना तत्क्षणी एका गटात बांधतो आणि कड उमटते. जत तालुक्यात माडग्याळी मेंढ्यांचा कळप दाटीवाटीने बसलेला पाहा. पांढऱ्या अंगावर तपकिरी पट्टे, एकीचा पट्टा दुसरीच्या मानेला लागलेला, डोकी मोजायला गेलं की हिशेब चुकतो. एखादी उठून दोन पावलं चालली की तिचे सगळे पट्टे तिच्याबरोबर निघतात आणि बाकदार नाकापासून शेपटीपर्यंत ती एकटी सुटी होते. स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये अंधारात माणसाच्या सांध्यांवर फक्त दहा-बारा दिवे लावून हेच दाखवलं. माणूस स्थिर असताना नुसते दिवे दिसतात. तो चालला की क्षणात माणूस दिसतो.

हालचालीचा हा नियम किती मुळाशी आहे, याचा पुरावा भारतातच मिळाला. पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात जन्मापासून दृष्टी नसलेल्या मुलांवर आणि मोठ्यांवर उपचार झाले. अशा तिघांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकमेकांवर आलेले चौकोन आणि गोल दाखवले की ते प्रत्येक तुकडा वेगळी वस्तू म्हणून सांगत. गाईचं चित्र त्यांना रंगांच्या ठिगळांसारखं दिसे. तेच आकार हलवून दाखवले की ते बरोबर ओळखत. काही महिन्यांनी स्थिर चित्रातल्या वस्तूही त्यांना वेगळ्या काढता येऊ लागल्या. बरोबर हलतं ते एक, हे आधी पक्कं होतं आणि बाकीचे नियम बहुधा त्याच्या आधाराने शिकले जातात, असा संशोधकांचा कयास आहे.

हालचालीवर भिस्त फक्त नजरेचीच नसते. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथल्यासारख्या जंगलांत झाडाला बांधलेले कॅमेरेही कड शोधत बसत नाहीत. समोरून ऊबदार अंग हललं की चालू होतात. फोटो हाती आल्यावर अभ्यासक बिबट्याची कूस निरखतात, कारण फुलांची मांडणी प्रत्येक बिबट्याची वेगळी असते, डाव्या कुशीची उजवीपेक्षाही वेगळी. उसात जी फुलं जनावराला लपवतात, त्यांच्यावरूनच फोटोत त्याची ओळख पटते.

पुढच्या आठवड्यात कासच्या पठारावरून बामणोलीकडे पाहू. एकामागे एक डोंगररांगा उभ्या असतात आणि दोन रांगांमध्ये रेघ एकच असते. ती पुढच्या डोंगराची की मागच्या, हे मेंदू कसं ठरवतो, त्याबद्दल लिहीन.