स्टिअरिंगची थरथर आणि उचंत खाते

तेरीज जुळली नाही की फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकून तेवढ्यापुरते मोकळे होता येते. परंतु फरक नाहीसा होत नाही; तो कोठेतरी दडून बसलेला असतो. गतवर्षी माझ्या जुन्या मोटारीच्या बाबतीत मी नेमके हेच केले.

मोटार २०११ सालची. महामार्गावर वेग ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेला की स्टिअरिंग थरथरू लागे. ६० वर आले की शांत. ‘गाडीचे वय झाले’ असे म्हणून मी काही महिने दुर्लक्ष केले. आई-वडिलांना घेऊन कोल्हापूरहून पुण्यास निघालो, तेव्हा वडिलांनी विचारले, “हात का रे थरथरताहेत तुझे?” थरथरत होते ते माझे हात नव्हते.

परतल्यावर एका गॅरेजमध्ये अलाइनमेंट करून घेतली. उपयोग झाला नाही. चाकांची दिशा बिघडली तर मोटार एका बाजूस ओढते, टायर एका कडेने झिजतात. थरथरीचे मूळ बहुधा अन्यत्र असते. दुसऱ्या गॅरेजने सस्पेन्शनचे सुटे भाग बदलण्याचे चौदा हजारांचे अंदाजपत्रक हाती ठेवले. तेव्हा वाटले, पैसे देण्यापूर्वी नोंदी आपणच तपासाव्यात.

थरथर केव्हा व कोठे?

पहिला प्रश्न ‘केव्हा’ हा. ठरावीक वेगालाच थरथर येत असेल तर संशय चाकांवर घ्यावा. ताशी ९० किलोमीटर वेगाने लहान मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरते. रिमच्या कडेवर अवघ्या २० ग्रॅमचा असमतोल असला, तरी त्या वेगाला प्रत्येक फेऱ्यात सुमारे अडीच किलो वजनाइतका झटका बसतो. वेग दुप्पट झाला की हा झटका चौपट होतो. म्हणूनच गावात न जाणवणारा दोष महामार्गावर प्रकट होतो. केवळ ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हादरत असेल तर ब्रेकच्या डिस्क पाहाव्यात. वेग वाढविताना, इंजिनवर भार असतानाच थरथर येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचे सांधे.

दुसरा प्रश्न ‘कोठे’ हा. हाताला जाणवणारी थरथर बहुधा पुढच्या चाकांची, आसनाला जाणवणारी मागच्या चाकांची. जुन्या मोटारीत टाय रॉड, बॉल जॉइंट वा बेअरिंग ढिले झाले असल्यास लहानसा असमतोलही मोठा भासतो. त्यामुळे चाक जॅकवर उचलून, हलवून पाहणेही आवश्यक ठरते.

मी एका रविवारी पुढचे डावे चाक मागे आणि मागचे पुढे लावले. बाकी कशालाही हात लावला नाही. महामार्गावर स्टिअरिंग शांत झाले आणि थरथर आसनाखाली आली. दोष सुट्या भागांत नव्हता, त्या एका चाकात होता.

आतील बाजू

बॅलन्सिंग करणाऱ्या कारागिराने चाक यंत्रावर चढविले, फिरवून पाहिले आणि थांबविले. “साहेब, याला वजने लावून उपयोग नाही.” टायरच्या आतील बाजूस, बाहेरून न दिसणारा, लिंबाएवढा फुगवटा होता. आतील थर सुटले होते. टायरवरील निर्मितीचा चार अंकी आकडा होता २३१५, म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी मात्र पुरेशी शिल्लक होती, म्हणून मी निश्चिंत होतो. असा टायर भर वेगात फुटू शकतो. त्याच टायरवर मी आई-वडिलांना पुण्यास नेले होते आणि चाके बदलून पुन्हा वेगाची चाचणीही घेतली होती, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

म्हणून वाचकांना माझ्या चुकीतून एवढेच सांगावेसे वाटते. थरथर जाणवताच वेग कमी करावा. चाचणी घेण्यापूर्वी चाके काढून टायर दोन्ही बाजूंनी पाहावेत. फुगवटा वा चीर दिसल्यास तो टायर पुन्हा रस्त्यावर आणू नये. रिम वाकली आहे का, आत चिखल साचला आहे का, नट घट्ट आहेत का, हे पाहावे. त्यानंतर बॅलन्सिंग, आणि तरीही दोष राहिल्यासच सुटे भाग. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले की दोष कशात होता ते कळत नाही आणि देयक मात्र दोन्हींचे भरावे लागते.

दोन नव्या टायरांचा खर्च त्या अंदाजपत्रकाहून कमीच आला. पण खरी बचत रुपयांत मोजण्याजोगी नव्हती. उचंत खात्यात टाकलेली नोंद वेळीच शोधून काढली नाही, तर एखाद्या दिवशी ती आपला हिशेब स्वतःच चुकता करते.